रसूलमामांचा पायरस्ता

मागच्या आठवड्यात त्या रस्त्यावर नवा फलक लागला. हात जोडलेले पाच-सहा चेहरे, खाली त्यांच्याच कार्यकर्त्यांची नावं, आणि मध्ये ‘आमच्या अथक प्रयत्नांतून साकारलेला पादचारी व सायकल मार्ग’. रसूलमामांचं नाव कुठंच नाही. ते असावं असा माझा हट्टही नाही. मामांना फलकांचा मनस्वी राग होता. फलकाच्या आडून येणारं पोरगं ड्रायव्हरला दिसत नाही, म्हणायचे.

मामा गेल्या उन्हाळ्यात गेले. साधा ताप आला, छातीत उतरला आणि गेले. मी तेव्हा शिरूरला सभेत भाषण करत होते. विषय काय, तर ग्रामीण वाहतूक. असो.

मी त्यांच्या वस्तीवर पहिल्यांदा गेले तेव्हा हातात आमच्या संघटनेच्या पत्रकांचा गठ्ठा होता. वर ठळक छापलेलं, ‘रस्ता कुणाच्या बापाचा?’ मामा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. त्यांनी चष्मा लावला, पत्रक शेवटपर्यंत वाचलं, नीट घडी घातली आणि म्हणाले, “पोरी, ह्यात निस्ता हॉर्न वाजिवलाय. गेर कुठं टाकलाय?”

रसूल शेख हे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उभी नोकरी शिरूर-दौंड मार्गावर झाली. न्हावरे, पारगावचा पूल, चौफुला. या टापूतल्या दोन पिढ्यांना त्यांनी शाळेत, बाजारात, दवाखान्यात आणि सासरी नेऊन सोडलं होतं. त्यामुळं हिंदू-मुसलमान सगळ्यांचेच ते मामा. घरात दखनी बोलायचे, ओट्यावर आले की मराठी. निवृत्तीनंतरही खाकी पँट सुटली नाही. डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडी नव्हते. कंडक्टर साइड आणि ड्रायव्हर साइड. एकदा मला म्हणाले, “थंडीत कंडक्टर साइडचा गुडगा लई ठणकतो बग.” कुणाच्या गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. पोरं हसायची. “मामा, बिरेक तिकडं न्हाई, हिकडं हाय!”

“ठाऊक हाय रं. मी रिटायर झालो, पायाला कुनी ऑर्डर दिली न्हाई.”

त्यांच्या नोकरीतला एक किस्सा वस्तीवरचा प्रत्येक जण सांगतो. न्हावऱ्याच्या अलीकडं भर उन्हात एक म्हातारी शेळीचं करडू काखेत घेऊन चालली होती. मामांनी गाडी उभी केली. कंडक्टर ओरडला, “मामा, हितं थांबा न्हाई!” मामा म्हणाले, “ती थांबली का न्हाई? मंग झाला थांबा.” करडाचं तिकीट फाडायचं की नाही यावरून कंडक्टर आणि म्हातारीचं पार चौफुल्यापर्यंत भांडण चाललं. अशा थांब्यांपायी मामांना मेमो मिळायचे. ते त्यांनी कधी मनाला लावून घेतले नाहीत. चालणाऱ्या माणसाला बघून न बघितल्यासारखं करायचं, हे मात्र त्यांना जमत नव्हतं.

गावाचं नाव मी लिहीत नाही. दौंड तालुक्यात अशी गावं पैशाला पासरी आहेत. वस्ती नदीच्या बाजूला, हायस्कूल आणि एसटीचा थांबा फाट्यावर. मधला रस्ता कागदावर रुंद होता. जागेवर नव्हता. दोन्हीकडचे बागायतदार दर वर्षी नांगरताना फाळभर रस्ता आत घ्यायचे. बांध कोरायची आपली जुनी कला! शेजाऱ्याचा बांध कोरला तर खून पडतात, सरकारचा कोरला तर कुणी बोलत नाही. मामा म्हणायचे, “रस्ता नांगरून तर झालाय. आता पेरला की सुटलो.” कडेची साइडपट्टी अशी उसात गेली, आणि दिवाळीनंतर कारखाने पेटले की उरलेल्या डांबरावरून पाटसच्या कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन. चालणाऱ्यानं आणि सायकलवाल्यानं जायचं कुठं? कडेच्या पाण्याच्या चारीत.

मी त्यांना ओळखायला लागले त्याच्या आदल्या हंगामात वस्तीवरची एक मुलगी शाळेतून येताना ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या उसाला अडकून सायकलसकट ओढली गेली. मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण शाळा सुटली ती सुटलीच. तिच्याबरोबर आणखी चार घरांनी पोरी घरी बसवल्या. वस्तीवरची शाळा सातवीपर्यंत. सातवी झाली की पोरीचं शिक्षण संपलं, असा न लिहिलेला कायदाच झाला. मुलगे जात राहिले. मुलग्यांना ट्रॉली लागत नसावी.

मामांची नात शमीम तेव्हा सातवीत होती. तिचा बाप, मामांचा मुलगा इक्बाल, कुरकुंभला कंपनीत कामाला. माणूस वाईट नव्हता, भ्यालेला होता. माझ्यासमोरच मामांना म्हणाला, “अब्बा, मला पोरगी शिकवायची न्हाई असं न्हाई. मला ती जित्ती पायजे.”

मामा म्हणाले, “जूनपातुर तिला चालाया जागा केली तर?”

“केली तर धाडतो.”

“जबान?”

“जबान.”

एवढ्यावर सगळं सुरू झालं. आमच्या संघटनेच्या आंदोलनानं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या अहवालात तसं छापलंय.

त्या वर्षी सरकारनं एक अनुदान जाहीर केलं होतं. चालणारे, सायकलवाले आणि एसटीची वाट बघणारे यांच्यासाठी गावांनी जागा कराव्यात, खर्च सरकार देईल. योजनेचं नाव इतकं लांब होतं की सरपंचांना ते एका श्वासात म्हणता येईना. अट एवढीच, की जागा गावानं फुकट द्यायची आणि काम त्याच वर्षात संपवायचं. ग्रामसभेत सरपंच म्हणाले, ह्या पैशात आपण वेशीवर स्वागत कमान बांधू.

मी उठले. “सरपंच, हे पैसे चालणाऱ्यांसाठी आहेत!”

“मंग? लोक कमानीखालनं चालत जातीलच की, ताई.”

सभा हसली. मी संतापून बोलायला लागले, आणि मामांनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. “आता न्हाई,” म्हणाले. “आता चढ हाय. चढाला गेर बदलू न्हाई.”

त्यांची रीत वेगळी होती. रस्त्याकडेच्या एकेका शेतकऱ्याला त्यांनी, शाळा सुटायच्या वेळेला, वस्तीपासून फाट्यापर्यंत आपल्याबरोबर चालायला नेलं. बाकी काही नाही. भाषण नाही, अर्ज नाही. “या जरा पाय मोकळं करू.” निवृत्त मामाला नाही कोण म्हणणार? या भागात बुलेटवरून फिरणाऱ्या बागायतदाराला आपल्याच रस्त्यावरून चालायची वेळ कित्येक वर्षांत आलेली नसते. सगळ्यांत मोठं रान बाजीआप्पांचं. सोसायटीत वजन, पंचायतीत वजन, आणि अंगातही. आप्पा मामांबरोबर निघाले, अर्ध्या वाटेत मागून ट्रॉली आली, ड्रायव्हरनं टेप एवढ्या मोठ्यानं लावलेला की त्याला हाका ऐकू जाईनात. आप्पा पटका सांभाळत चारीत उतरले. उतरले म्हणजे पडले. चिखलातून वर बघत त्यांनी ट्रॉलीवाल्याला जी शिवी दिली ती इथं लिहिता येत नाही. गंमत अशी, की ट्रॉली त्यांच्याच उसाची होती.

मामांनी हात देऊन त्यांना वर काढलं. “आप्पा, पोरी रोज हितंच उतरत्यात. दप्तर घेऊन.”

आप्पांनी धोतर पिळलं. “बास झालं, मामा. किती पायजे?”

आप्पांनी पट्टी सोडली म्हटल्यावर बाकीच्यांना सोडावीच लागली. कोरलेला रस्ता रस्त्याला परत मिळाला. पुढच्या ग्रामसभेत कमानीचा विषय कुणी काढला नाही.

आणि त्याच सभेत ती चूक झाली.

नकाशा घेऊन अभियंता आले होते. तरुण, घामाघूम, कमी बोलणारे. आमच्या पत्रकांत सरकारी अभियंता म्हणजे खलनायक असतो, पण हा माणूस खरं सांगत होता. रस्त्याकडेच्या नव्या पट्टीच्या, म्हणजे पायरस्त्याच्या, दोन्ही तोंडांना दगडी खांब रोवायचे, सायकल जाईल पण ट्रॅक्टर जाणार नाही इतक्या अंतरानं. “नाहीतर ट्रॉल्या शिरतील,” ते म्हणाले.

मामा उभे राहिले. मला वाटलं, पाठिंबा द्यायला.

“खांब नकोत, सायेब.”

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी त्याआधी ऐकली नव्हती आणि बहुधा त्यांच्या घरच्यांनीही नाही. पुष्कळ वर्षांपूर्वीची. नदीकाठाला पौषातलं धुकं, पहाटची पहिली गाडी. त्यांच्या पुढं एक सायकलवाला गवळी होता. गाडीचा दिवा बघून तो आपणहून कडेला झाला आणि कडेच्या मोरीच्या दगडावर आदळला. मामांच्या गाडीनं त्याला शिवलंही नव्हतं. चौकशीत मामा निर्दोष सुटले. “पर तो माझ्या मांडीवर मेला,” मामा म्हणाले. “दूध सांडलं व्हतं. धुक्यात दूध दिसत बी न्हवतं, निस्तं पायाला लागत व्हतं. रस्त्याच्या तोंडाला दगुड रोवू नगा. धुक्यात दगुड दिसत न्हाई.”

अभियंता म्हणाले, “मामा, पण ट्रॉल्या...”

“ट्रॉलीवर आपलीच पोरं हायत. माझ्याच गाडीतनं शाळंला गेल्यात. सांगितलं की ऐकत्यात.”

“मामांचं बरोबर हाय!” पहिला आवाज बाजीआप्पांच्या पोराचा. मग दुसरा, तिसरा. एवढी एकी मी त्या गावात परत पाहिली नाही. ज्यांच्या ट्रॉल्या होत्या ते सगळे माणुसकीनं गहिवरले होते. ठराव एकमतानं झाला. खांब वगळले.

जूनच्या आत पायरस्ता झाला. लाल मुरमाची, दाबून घेतलेली, डांबरापासून चांगली वीतभर उंच पट्टी, फाट्यावर एसटीच्या थांब्याला पत्र्याची सावली आणि बसायला कट्टा. इक्बालनं जबान पाळली. शमीम आठवीला गेली. पहिल्या दिवशी मामा तिच्या मागून फाट्यापर्यंत चालत गेले, आणि ती, बापासारखंच आजोबांना अब्बा म्हणणारी, वैतागून मागं वळून ओरडत होती, “अब्बा, तुम्ही जावा की घरला! सगळ्या हसत्यात.” तिच्या बरोबर त्या घरी बसवलेल्या पोरींपैकी तिघी होत्या. पावसाळाभर त्या पट्टीवर सायकलींच्या चाकोऱ्या उमटत राहिल्या. म्हातारी माणसं संध्याकाळची थांब्यावर येऊन बसायला लागली, एसटी पकडायची नसली तरी. ते चार महिने मला फार समाधानाचे गेले. तेवढेच.

दिवाळी झाली, तोडणीच्या टोळ्या आल्या, आणि पहिल्या आठवड्यातच ट्रॉल्या पायरस्त्यावर चढल्या. मोठा रस्ता ट्रॉल्यांनीच उखणलेला. शेजारी सपाट, दाबलेली, रिकामी पट्टी. कोण सोडेल? शमीमच्या पुढ्यात समोरून ट्रॉली आली तेव्हा बाहेर लोंबणाऱ्या उसामुळं तिला डांबरावर उतरायलाही जागा नव्हती. ती सायकल टाकून उसात पळाली. इक्बालनं सायकल घरात आणून आढ्याला टांगली.

मामा ट्रॉलीवाल्या पोरांना भेटले. पोरं “व्हय मामा, व्हय मामा” म्हणाली. खेपेवर पैसे मिळतात, खड्ड्यातून गेलं की खेप कमी होते, आणि मामाचा मान राखून डिझेल निघत नाही. बाजीआप्पांकडं गेले. आप्पांनी चहा पाजला. “मामा, आता मी काय करू? खांब नगं म्हनून तुमीच बोल्लात. सगळ्या गावानं तुमचा शब्द ठेवला.”

मी मामांना घेऊन तालुक्याला गेले. तिथं कळलं, की काम पूर्ण झाल्याचा दाखला गेला, योजना मिटली. खांब बसवायचे तर ते नवं काम. नव्या कामाला नवा प्रस्ताव, आणि नव्या प्रस्तावाला ज्या योजनेतून पैसे मागायचे ती योजनाच आता नाही. हे सांगणारा कारकून उद्धट नव्हता. त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. या देशात माणूस असाच थकवतात, खुर्ची देऊन.

परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात पत्रक लिहिलं आणि घरी येऊन छापलं. बागायतदार, सरपंच, कचेरी, सगळ्यांना धारेवर धरलं होतं. मामांनी ते वाचलं.

“वाटू नगं.”

“का? खोटं आहे का यातलं काही?”

“खोटं न्हाई. अर्धं हाय. म्या दगुड काढाया लावला, ते कुठं लिव्हलंस?”

“मामा, तुमचा हेतू...”

“गाडी धडकल्यावर हेतू कोन इचारतंय, पोरी?”

पत्रक वाटलं नाही. पुढं मामांनी इक्बालच्या हातापाया पडून शमीमला शाळेत धाडायचे दोन दिवस मागून घेतले आणि एक मोठा धोंडा बैलगाडीतून आणून पायरस्त्याच्या तोंडाशी टाकला. ट्रॉल्या दिवसभर डांबरावरून गेल्या. मला निरोप आला, मी पेढे घेऊन गेले. दिवस कलता कलता बघते तर मामा पहारीनं तोच धोंडा बाजूला लोटत होते, एकटेच, धापा टाकत.

“हे काय करताय?”

“अंधार पडाय लागला. कोन धडकलं मंजी?”

मला खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. एवढं चांगलं असून कुठं लढाया जिंकतात का? मी तसं बोलूनही दाखवलं. मामा धोंड्यावर टेकले. घाम पुसला. म्हणाले, “दगडाला बाजूला व्हता येत न्हाई, ही त्याची खोड हाय. मला येतंय की.”

दुसऱ्या दिवसापासून धोंड्याच्या जागी मामा उभे राहायला लागले.

सकाळी शाळा भरायच्या आधी आणि संध्याकाळी सुटताना. वस्तीकडच्या तोंडाशी, पट्टीच्या बरोबर मधोमध, खाकी पँट, वर जुना कोट, कानाला मफलर. त्यांना उजाडायच्या आधीच यावं लागे. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर एकदा आत शिरला की त्याला मागं घेता येत नाही, हे त्यांना ड्रायव्हर म्हणून ठाऊक. अडवायचा तर शिरायच्या आधी. मोटरसायकलवाला गवळी आला तर बाजूला व्हायचे, पोरी आल्या तर बाजूला व्हायचे, ट्रॅक्टर आला की पुन्हा मध्ये.

बाळू म्हणून एक ट्रॅक्टरवाला होता, तोंडाचा फाटका. रोज बोलायचा. “ओ मामा, एसटीनं पेन्शन बंद केली का काय? टोल गोळा करताय व्हय?”

“तुज्याकडनं काय घेनार? शाळंला जाताना बी तू बिनतिकिटाचाच बसायचा.”

“बाजूला व्हा वो, खेप बुडती माजी!”

“तुजी खेप बुडती. तिची शाळा बुडती. डांबरावनं जा.”

“आन् न्हाई गेलो तर?”

“तर ये की. तुला बिरेक मीच शिकिवलाय. बघू लागतो का.”

बाळू शिव्या देत डांबरावर वळवायचा. रोज. एक दिवससुद्धा तो न बोलता गेला नाही, आणि एक दिवससुद्धा त्यानं मामांच्या अंगावर गाडी घातली नाही. बाकीच्यांनी त्याचंच बघून वळवायला सुरुवात केली. इक्बालनं सायकल आढ्यावरून काढली. तो म्हणाला, अब्बा उभे आहेत तोवर.

तो हंगाम असा गेला, आणि त्याच्या पुढचाही. मी त्यांच्यासाठी काय केलं? निवेदनं दिली. खांबांसाठी तीन दरवाजे ठोठावले. प्रत्येक ठिकाणी ऐकलं, गावाचाच ठराव तसा आहे. सत्तरीकडं झुकलेला माणूस थंडीत उभा राहतो म्हणून एका वार्ताहरानं फोटो काढून नेला. फोटो आला, खाली ‘आगळावेगळा छंद’ असं लिहून.

आता मामा नाहीत. शमीम दहावीला आहे. हंगाम सुरू झाल्यावर इक्बालनं तिला दौंडला तिच्या मावशीकडं ठेवलं. वस्तीवरच्या दुसऱ्या पोरींना दौंडला मावशी नाही. त्यांच्यातल्या दोघी उसातून, बांधाबांधानं जातात, एक जातच नाही. पायरस्ता जागेवर आहे, त्यावर ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या आहेत, आणि त्यावर तो फलक. खांबांसाठी मी नवा अर्ज दिला आहे. या वेळी पत्रकात मामांची चूक लिहिली आहे, त्यांच्याच शब्दांत. त्याशिवाय ते वाटू दिलं नसतं त्यांनी.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दौंडहून शिरूरला जाताना. सकाळची पहिली गाडी होती, प्रवाशांच्या सोयीसाठी ती वस्तीवरून फिरून जायची. धुकं दाट होतं, ड्रायव्हर काचेला नाक लावून हाकत होता. वस्तीचा थांबा घेऊन गाडी वळली आणि पायरस्त्याच्या तोंडाशी मामा दिसले. समोर ट्रॅक्टर घरघरत उभा. त्याचा एक दिवा चालू, एक बंद. मामांचा एक हात त्याच्याकडं, पंजा उभा. दुसऱ्या हातानं ते आपल्या पाठीमागून पोरींना पायरस्त्यावर काढत होते, एकेक सायकल, घंटी वाजवत. शमीम शेवटची होती. ती उतरून त्यांच्या शेजारी उभी राहिली होती, सायकल धरून, जात नव्हती. मामा तिच्याकडं न बघता काहीतरी ओरडले. काचा बंद होत्या, मला ऐकू आलं नाही. ती तरी हलली नाही. मग त्यांनी ट्रॅक्टरवरची नजर न काढता मागच्या हातानं तिच्या कॅरियरला जोरात ढकललं. सायकल पुढं गेली, दोन पावलं पळत ती टांग मारून बसली, आणि धुक्यात गेली.

मामा तिथंच उभे होते. ट्रॅक्टर अजून वळला नव्हता.